फिटवाल्या बाई

उजव्या हाताचा अंगठा आपोआप हलायला लागला, तेव्हा मी फळ्यावर जोडाक्षरं लिहीत होते. आधी वाटलं, खडू ओला आहे म्हणून निसटतोय. मग खडू खाली पडला तरी अंगठा हलतच राहिला. मी डाव्या हातानं तो दाबून धरला. तो थांबेना. मनगट हलायला लागलं, मग कोपरापर्यंत हात, जणू कुणी दुसराच माणूस माझा हात हलवतोय. मुलांना वाटलं बाई काहीतरी गंमत करतायत. पुढच्या बाकावरच्या मुली हसल्या. ते हसू मला ऐकू आलं, आणि त्यानंतरचं काहीच आठवत नाही.

डोळे उघडले तेव्हा मी वर्गातल्या फरशीवर पडले होते. वर्ग रिकामा होता. शाळेतल्या आयाबाई माझ्या नाकाशी चप्पल धरून बसल्या होत्या. तोंडात रक्ताची चव होती, जीभ चावली गेली होती. अंग ठेचून काढल्यासारखं दुखत होतं. आणि मग मला कळलं की माझी साडी ओली आहे. पाण्यानं नव्हे.

दारात आणि खिडक्यांत मुलं उभी होती. चौथीची मुलं. मी त्यांना सकाळीच नखं तपासून, केस विंचरले नाहीत म्हणून बोलले होते. आयाबाईंनी त्यांना हाकललं, आपल्या अंगावरची शाल मला गुंडाळली आणि मागच्या दारानं रिक्षात बसवलं. धुळ्याच्या त्या रस्त्यानं मी रोज पायी जायची. त्या दिवशी रिक्षाच्या पडद्याआड तोंड करून बसले होते. आजार काय आहे, मरणार की जगणार, यातला एकही विचार डोक्यात नव्हता. मुलांनी साडी पाहिली, एवढंच डोक्यात होतं.

ही नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. माझं लग्न होऊन दोन वर्षंही झाली नव्हती. माहेर रावेरकडचं, केळीच्या बागांतलं. सासर धुळ्याचं. हे सरकारी कचेरीत कारकून होते. सासरे, ज्यांना सगळं घर नाना म्हणायचं, पांझरेच्या काठी दीड बिघ्यात भाजीपाला काढायचे. गळ्यात माळ, सकाळी आंघोळीशिवाय पाणी नाही. सासूबाईंना आम्ही अक्का म्हणायचो. धाकट्या नणंदेसाठी स्थळं बघणं चालू होतं. इतकीच माणसं घरात.

अक्कांनी मला रिक्षातून उतरताना पाहिलं आणि शालीखालची साडीही पाहिली. त्यांनी पाणी तापवून दिलं. मी आंघोळ करून बाहेर आले तेव्हा त्या यांच्याशी बोलत होत्या, आणि मला बघून गप्प झाल्या.

दोन दिवसांनी माझ्या वडिलांना बोलावणं गेलं. ते पहाटेच्या एसटीनं निघाले, जळगावला गाडी बदलून दुपारी पोचले. त्यांच्यासोबत केळ्यांचा घड होता. रिकाम्या हातानं लेकीच्या घरी कसं जायचं म्हणून. तो घड ओसरीवरच राहिला. कुणी आत नेला नाही.

अक्कांनी पाणी दिलं आणि समोर बसून सरळ विचारलं, "सांगा आता, पोरले आधीपासून व्हतं का हाई?"

वडील गडबडले. "नही हो बाई. देवाच्यान सांगतो, लहानपणापासून तिले सर्दी-पडसं सोडून काही झालं नही. माही पोर निरोगी होती."

"मंग आमना घरमा ईसनच कसं व्हयनं?"

"ते मले कसं सांगता येईन?"

"आम्हले आंधारामा ठेवं तुम्हीन," अक्का म्हणाल्या. आवाज चढवून नव्हे. त्या चढवून बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

वडिलांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. आमच्याकडे माणूस टोपी काढतो तो देवापुढे नाहीतर मयताला. मी दाराआड उभी होते. माझ्या वडिलांना केळीच्या व्यापाऱ्यांशी आवाज चढवून भांडताना मी पाहिलं होतं. त्या दिवशी त्यांचा आवाज चढला नाही. जाताना मला एवढंच म्हणाले, "औषध घेत जा माय वेळेवर." कसलं औषध, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं आणि मलाही.

यांनी मला डॉक्टरकडे नेलं. अक्कांचा विचार आधी एका भगताकडे न्यायचा होता; नाना मध्ये पडले म्हणून ते टळलं. डॉक्टर वयस्कर, गावात मोठं नाव असलेले. त्यांनी अंगठ्याचं ऐकून घेतलं आणि मान हलवली. हाताच्या एका बोटापासून झटका सुरू होतो म्हणजे मेंदूत त्या जागी काहीतरी आहे, असं ते म्हणाले. फिटच्या गोळ्या दिल्या आणि नाशिकला जाऊन डोक्याचा स्कॅन करून आणायला सांगितलं. तोपर्यंत धुळ्यात ते मशीन नव्हतं. डोक्याचा फोटो काढतात, आणि तो कापल्यासारखा थरांथरांनी दिसतो, हे मी पहिल्यांदाच ऐकत होते.

नाशिकच्या त्या खोलीत फार गार होतं. मला फळीवर निजवून डोकं एका मोठ्या कड्यात सरकवलं. सुईतून औषध गेलं तेव्हा अंगभर उष्ण लाट गेली आणि मला वाटलं पुन्हा साडी ओली झाली. मी हातानं चाचपून पाहिलं. झाली नव्हती. मशीन चालू असताना हलू नका म्हणून वरून आवाज आला.

फिल्म हातात आली तेव्हा यांनी ती स्टँडवरच्या उजेडात धरून पाहिली. डाव्या बाजूला, वरच्या भागात, एक छोटंसं पांढरं कडं होतं. हरभऱ्याएवढं. त्याच्याभोवती काळसर सूज.

आमचे डॉक्टर म्हणाले, "टीबीची गाठ आहे. मेंदूतला टीबी. आपल्याकडे अशा गाठी बहुतेक टीबीच्याच असतात. दीड वर्ष औषध घ्यावं लागेल."

त्यांनी हे वाईट हेतूनं सांगितलं नव्हतं. त्या वेळी सगळे डॉक्टर असंच समजत आणि असंच औषध देत, हे मला नंतर कळलं. पण त्या दिवशी आम्ही घरी आलो ते फिटसोबत टीबीही घेऊन.

फिट म्हणजे काय, हे घरात निदान कळत होतं. टीबी हा शब्द मात्र कुणी उच्चारतच नव्हतं. अक्का 'ते' म्हणायच्या. माझं ताट, वाटी, पेला वेगळे झाले. हे एकदा म्हणाले की डॉक्टरांनी सांगितलंय, डोक्यातला टीबी कुणाला लागत नाही. अक्का म्हणाल्या, "डॉक्टरना घरमा कवारी पोर शे का?"

टीबीच्या गोळ्यांनी लघवी नारंगी होते. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्या दिवशी मी घाबरले; मग डॉक्टरांना विचारल्यावर कळलं की तसं होतंच. आमचा संडास आणि मोरी शेजारच्या बिऱ्हाडासोबत एकच होती. मी बादल्याच्या बादल्या पाणी ओतायची. तरी एकदा शेजारच्या बाईंनी विचारलंच, "हळद सांडली का कोणी?" मी हो म्हणाले. पुढे मी दिवसा पाणी पिणंच कमी केलं. तोंड कोरडं पडायचं, डोकं दुखायचं, तरी पाणी प्यायचं नाही. आज हे सांगताना मला माझीच कीव येते. तेव्हा मात्र ते शहाणपण वाटत होतं.

शाळेत मुख्याध्यापकांनी बिनपगारी रजा घ्यायला सांगितलं. ते सभ्य गृहस्थ होते. म्हणाले, "बाई, तुमच्यावर माझा राग नाही. पण पालक येतायत." एक पालक म्हणाले होते की पोरं घरी येऊन बाईंची नक्कल करतात, हात हलवून फरशीवर पडतात. हे मुख्याध्यापकांनी मला सांगायला नको होतं. गल्लीत माझं नाव पडलं होतं, फिटवाल्या बाई. कुणी पत्ता विचारला तर पोरं सांगायची, फिटवाल्या बाईंच्या घराशेजारी.

त्याच दिवसांत नणंदेला बघायला दोंडाईच्याचे लोक यायचे होते. आदल्या दिवशी अक्का माझ्याजवळ येऊन बसल्या. त्या माझ्याजवळ क्वचितच बसत. थोडा वेळ त्या पदराशी चाळा करत राहिल्या. मग म्हणाल्या, "पोरीनं लगीन मोडी जाई. तू उद्या मागली खोलीमा बस. बाहेर येऊ नको."

मी म्हणाले, "बरं."

दुसऱ्या दिवशी मी मागच्या खोलीत, धान्याच्या कोठ्यांमध्ये, खाली बसले. पलीकडे सगळं ऐकू येत होतं. कपबश्यांचा आवाज, नणंदेचं नाव-शिक्षण विचारणं, नानांचं हसणं. मग कुणीतरी बाईनं विचारलं, "आन् सूनबाई कोठे शे?"

"माहेर गयी," अक्का म्हणाल्या. "तिनी माय आजारी शे."

माझी आई जाऊन बरीच वर्षं झाली होती.

त्याच वेळी माझा अंगठा हलायला लागला. मी तो दुसऱ्या मुठीत धरला आणि मांड्यांमध्ये दाबला. कोठीला पाय लागला असता तर आवाज झाला असता. मी डोळे मिटले आणि एवढंच म्हणत राहिले, आज नको, आज नको. तो थोडा वेळ हलला आणि आपोआप थांबला. पाहुणे गेल्यावर अक्कांनी दार उघडलं तेव्हा मी तशीच बसले होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं. पोह्यांची बशी माझ्यासमोर ठेवून त्या गेल्या. बशी घरातली होती, माझी वेगळी ठेवलेली नव्हती. घाईत चुकून आणली की मुद्दाम, मला कधी कळलं नाही. मी विचारलंही नाही.

तो अंगठा मधूनमधून हलत राहायचा म्हणून यांच्या कचेरीतल्या एकानं दुसऱ्या डॉक्टरचं नाव सुचवलं. हे डॉक्टर मेंदूचे. बाहेरगावी राहायचे, आठवड्यातून एकदा जळगावला येऊन पेशंट तपासायचे. आम्ही गेलो. अक्काही आल्या, त्यांना कान देऊन ऐकायचं होतं. डॉक्टर तरुण होते, सदऱ्याच्या बाह्या दुमडलेल्या. त्यांनी फिल्म खिडकीच्या काचेला टेकवून बराच वेळ पाहिली. पट्टी लावून ते कडं मोजलं.

"टीबीचं औषध कधीपासून चालू आहे?"

यांनी सांगितलं.

"वजन कमी झालं? ताप येतो? खोकला? घरात कुणाला टीबी?"

सगळ्याला नाही.

त्यांनी खुर्ची ओढली आणि आमच्यासमोर बसले. "हे बघा ताई, आजवर आम्ही सगळेच अशा कड्याला टीबी म्हणत आलो. मीही कित्येकांना हेच औषध दिलंय. पण आता वेगळं दिसायला लागलंय. दक्षिणेकडच्या डॉक्टरांनी असल्या छोट्या गाठी ऑपरेशन करून काढल्या आणि तपासल्या. त्यात टीबी क्वचितच निघाला. बहुतेकांमध्ये किड्याची गाठ होती, मरत आलेली. आणि ज्यांना काहीच केलं नाही, नुसत्या फिटच्या गोळ्या दिल्या, त्यांच्यातल्या पुष्कळांची गाठ काही महिन्यांत आपोआप विरघळून गेली."

"किडा?" यांनी विचारलं. "डोक्यात?"

"जंत. पट्टीसारखा लांब जंत असतो एक, त्याचं अंडं पोटात गेलं की कधीकधी मेंदूत जाऊन बसतं."

"कशानं जातं?"

डॉक्टर म्हणाले, "हा जंत डुकराच्या मांसातून माणसात येतो."

अक्का उभ्या राहिल्या. त्या दवाखान्यात इतर पेशंट होते, पडद्यापलीकडे बाकावर बसलेले. अक्का मोठ्यानं म्हणाल्या, "आमना घरमा अंडं बी येत नही! डुक्कर कोठेन उनं?"

बाकावरची कुजबुज थांबली. मी खाली मान घालून डॉक्टरांच्या टेबलाचा पाय बघत राहिले.

"मावशी, बसा," डॉक्टर म्हणाले. "मी तुम्ही खाल्लं असं म्हणत नाही. कुणी दुसऱ्यानं खाल्लं, त्याच्या पोटात जंत झाला. तो माणूस उघड्यावर शौचाला गेला. ती घाण पाण्यातून शेतात, भाजीवर. ती भाजी कच्ची खाल्ली, नीट न धुता, की अंडी आपल्या पोटात. कोथिंबीर, कांद्याची पात, मेथी. कच्ची मेथी खाता ना तुम्ही लोक भाकरीबरोबर? जन्मात मांसाला हात न लावणाऱ्यालाही होतं. असे पेशंट मी पाहिलेत, माळकरीसुद्धा."

अक्कांना वाटलं होतं डुक्कर ही शेवटची लाज आहे. आता तिच्याहून मोठी निघाली. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "म्हंजे आम्ही बठ्ठा माणसनी घाण खातस?"

डॉक्टर माझ्याकडे वळले. "टीबीचं औषध बंद करू. फिटची गोळी वाढवतो. काही महिन्यांनी पुन्हा स्कॅन करू. गाठ गेली असेल तर माझं खरं. वाढली असेल तर पुन्हा टीबीचा विचार करू. मला शंभर टक्के खात्री आहे असं मी म्हणणार नाही. वाट बघायची तयारी आहे?"

इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी मला विचारत होतं. मी हो म्हणाले. त्यांनी जाताना एक काम सांगितलं: घरातल्या सगळ्यांची शौचाची तपासणी करून घ्या. कुणाच्या पोटात तो जंत असेल तर त्याच्याच हातून घरातल्या इतरांना होत राहील.

जळगावहून येताना एसटीत अक्का माझ्या शेजारी बसल्या नाहीत.

घरी हे सांगणं यांच्या वाट्याला आलं. नाना ओसरीवर भाजीच्या जुड्या बांधत होते. ऐकताना त्यांचे हात थांबले. त्या जुड्या पांझरेच्या पाण्यावर वाढलेल्या, आणि नदीत वरच्या अंगाला गावाची घाण मिसळते हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांच्या शेतातली मेथी मी आवडीनं कच्ची खायची. भरीत केलं की कांद्याची पात कधी कुणी शिजवली नव्हती. नाना एवढंच म्हणाले, "मना वावरमाईनच ऱ्हाई का ते?"

"कुठूनही असेल, नाना," हे म्हणाले. "ते आता कळायचं नाही."

खरंच ते कधी कळलं नाही. माहेरून आलं, शेतातून आलं, की बाजारातल्या कोथिंबिरीतून, कुणाला सांगता येणार होतं. पण नाना त्या संध्याकाळी जेवले नाहीत, आणि माझ्यामुळे जेवले नाहीत, म्हणून मीही मान वर करू शकले नाही.

तपासणीवरून घरात जे झालं ते आता हसण्यासारखं वाटतं. तेव्हा कुणी हसलं नाही. औषधाच्या दुकानातून झाकणाच्या डब्या आणल्या. अक्का म्हणाल्या, मरीन पन देणार नही. नणंद रडली. लग्न ठरत असलेल्या मुलीची असली तपासणी, बाहेर कळलं तर? शेवटी नानांनी पहिली डबी भरून आणली, कागदात गुंडाळून, आणि काही न बोलता ओसरीवर ठेवली. गळ्यात माळ असलेल्या माणसानं हे केल्यावर बाकीच्यांना बोलायला जागा राहिली नाही. हे सगळ्या डब्या पिशवीत घालून लुनावर घेऊन गेले. वाटेत ओळखीच्या एकानं थांबवलं, "काय राव, पेढे का?" यांनी घरी येऊन मला सांगितलं. त्यांना हसू येत होतं, पण मी हसले नाही म्हणून तेही थांबले.

तो मोठा जंत कुणातच सापडला नाही. पण इतर जंत जवळपास प्रत्येकाच्या पोटात निघाले. नानांच्या, नणंदेच्या, यांच्या. आणि अक्कांच्या सगळ्यांत जास्त. प्रयोगशाळेतल्या माणसानं अगदी सहज सांगितलं की इकडे हे असंच असतं, गोळ्या घ्या. अक्का त्या दिवशी देवघरात बसून राहिल्या. नाना त्यांना म्हणाले, "बठ्ठास्ना पोटमा किडा शेतस. एकटी तिले कसाले नाव ठेवस?"

दुसऱ्या दिवसापासून घरातली प्रत्येक भाजी मिठाच्या पाण्यात बुडायला लागली. कच्ची मेथी ताटातून गेली. माझं वेगळं ताटही कधीतरी मांडणीतल्या इतर ताटांत मिसळून गेलं. नक्की कधी, ते मी पाहिलं नाही.

पण घरातली लाज कमी झाली तरी बाहेरची वाढली होती. जळगावच्या त्या बाकावर बसलेल्यांतलं कुणीतरी धुळ्याचं असणार, कारण थोड्याच दिवसांत गल्लीत कळलं. फिटवाल्या बाईंच्या डोक्यात डुकराचा किडा. हे ऐकून माणसं आधी हसत, मग मागे सरत. शेजारच्या बाईंच्या घरी बारसं होतं. मी गेले. माझी ओटी भरली, पण ताट वाढलं नाही. मी घरून करून नेलेली कोशिंबीरही तशीच राहिली, आणि नंतर ती गाईला घातलेली मी गच्चीवरून पाहिली. त्या कोशिंबिरीतला प्रत्येक तुकडा मी मिठाच्या पाण्यात धुतला होता. खाली जाऊन ते सांगावं असं एक क्षण वाटलं. कुणाला सांगणार होते, आणि कोणत्या तोंडानं?

पुन्हा स्कॅनला जायचा दिवस आला तेव्हा मी यांना म्हणाले, नको जायला. हे म्हणाले, "का?" मला सांगता येईना. गाठ वाढलेली निघाली असती तर मी पुन्हा टीबीची होणार होते. आणि गाठ गेली असती तरी मला वाटत होतं की आता काहीही झालं तरी मी किड्याचीच राहणार. नाशिकला जाताना बसमध्ये मी सारखी खिडकीबाहेर बघत होते.

जळगावच्या डॉक्टरांनी नवी फिल्म खिडकीला लावली, जुनी शेजारी लावली. मग त्यांनी बोट ठेवून दाखवलं. जिथे कडं होतं तिथे खसखशीएवढा एक पांढरा ठिपका होता. सूज नव्हती.

"गेली," ते म्हणाले. त्यांनाही सुटल्यासारखं वाटत असावं. "हा ठिपका राहील, ती फक्त खूण आहे. फिटच्या गोळ्या अजून काही काळ घ्या. मग हळूहळू बंद करू."

यांनी माझ्याकडे पाहिलं. मला आनंद व्हायला हवा होता. झालाही असेल. पण मला आधी सुचलं ते हे, की इतके दिवस ते औषध, ते नारंगी पाणी, ती बंद खोली, त्यातल्या कशाचीच गरज नव्हती. मी दवाखान्यात रडले. डॉक्टरांना वाटलं आनंदानं.

वडिलांना सांगायला आम्ही त्याच दिवशी भुसावळमार्गे माहेरी गेलो. वडील बागेत पाणी भरत होते. यांनी त्यांच्यापुढे फिल्म धरली आणि ठिपका दाखवला. त्यांना काय दिसलं असेल देव जाणे. त्यांनी विचारलं, "म्हंजे हे जन्मापासूनचं नव्हतं ना?"

"नव्हतं," हे म्हणाले. "तुमचं काहीच नव्हतं यात."

वडिलांनी मान हलवली आणि पाटाचं पाणी वळवायला गेले. बराच वेळ ते तिकडेच होते.

नणंदेचं लग्न दोंडाईच्यालाच झालं. त्या लोकांना सगळं कळलं होतं, बहुधा आधीपासूनच, आणि त्यांचं काही म्हणणं नव्हतं. त्यांच्या घरातही एक फिटचा माणूस होता, हे लग्नानंतर कळलं. त्यांनी तो आमच्यापासून लपवला होता.

मी शाळेत परत गेले. मला चौथी मिळाली नाही. पहिली मिळाली, जिथल्या मुलांनी काही पाहिलं नव्हतं. गोळ्या घेत होते तोवर गरोदर राहायची भीती वाटायची, मग त्या बंद झाल्या, मुलगी झाली, धडधाकट. फिट पुन्हा कधी आली नाही. अंगठा मात्र मी अजूनही बघते. शिक्षकांच्या सभेत सगळे बोलत असताना मी टेबलाखाली हात धरून बसते, हे बघून माझ्या एका सहकारी बाईंनी एकदा विचारलं होतं, सांधे दुखतात का म्हणून. मी हो म्हणाले.

काही वर्षांनी एका संध्याकाळी पहिलीतल्या एका मुलीची आई घरी आली. तिच्या मोठ्या मुलीला, सातवीतल्या, झटके यायला लागले होते. ती दारातच घुटमळली. "बाई, तुम्हाला बी… म्हणजे लोक म्हणतात…" मी तिला आत घेतलं आणि दार लावलं. खिडकीही लावली. मग तिला सगळं सांगितलं, कुजबुजत, जणू भिंतीपलीकडे कुणी ऐकत होतं. किडा हा शब्द मी तिच्यासमोर उच्चारला, पण डुक्कर म्हणाले नाही. ती धीर घेऊन गेली. घाबरू नकोस, आपोआप जाईल, असं मी तिला छातीठोकपणे सांगितलं होतं.

डॉक्टरांचा पत्ता मीच दिला होता. त्यांनी मुलीला तपासलं. तिला ताप होता, वजन उतरलं होतं, घरात आजोबांना खोकला होता. तिची गाठ मोठी होती, वेडीवाकडी, आणि ती खरंच टीबीची निघाली. तिला टीबीचंच औषध लागलं, पूर्ण, आणि ती त्यानंच बरी झाली. डॉक्टरांनी वेळेवर ओळखलं म्हणून. नुसती वाट बघत बसले असते तर पोर हातची गेली असती.

तिची आई मला बाजारात भेटली तेव्हा पाया पडायला वाकली. मी तिला अर्ध्यातच धरलं. बाजूला भाजीवाल्यांची गर्दी होती. ती मोठ्यानं म्हणाली, "बाई, तुम्ही सांगितलं म्हणून गेलो आम्ही!" मी चटकन इकडेतिकडे पाहिलं, कुणी ऐकलं का, आणि तिला हळू बोल म्हणाले.